रंग न समजणाऱ्या कॉम्प्युटरवरचा लोगो

मंडळी, आज दुपारी आमच्या लॅबमध्ये जे झालं ते तुम्हाला सांगायलाच हवं.

मी नागपुरातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. माझी विद्यार्थिनी प्रणाली रोज खाप्याहून बसने येते. तिने एक छोटा प्रोग्राम लिहिलाय. टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची ती काळी खिडकी, उघडली की अक्षरं जुळवून केलेला लॅबचा लोगो रंगीबेरंगी झळकतो.

आज तो विभागप्रमुखांना दाखवायचा होता. तिच्या लॅपटॉपवर झकास दिसला. लॅबच्या जुन्या कॉम्प्युटरला मात्र रंगांच्या सूचना कळेचनात; तिथे नुसते चौकोनी कंस आणि आकडे!

"मॅडम, हे काय होऊन राहिलं? मी लोगो काढूनच टाकते," प्रणाली रडवेली झाली.

"काहून काढते वं? टर्मिनलले आधी विचार ना, तुले किती रंग समजतात म्हणून!" मी म्हटलं.

तासाभरात तिने लोगोची तीन रूपं केली. एक भरपूर रंगांचं, एक सोळा रंगांचं आणि एक अगदी साधं. आता प्रोग्राम आधी टर्मिनल तपासतो आणि त्याला झेपेल तेच रूप दाखवतो.

सर आले आणि नेमके सगळ्यात जुन्या कॉम्प्युटरसमोर बसले. पडद्यावर पांढरी, सुबक अक्षरं उमटली.

"वा! कोणी केलं हे?"

"मी केलं सर," प्रणाली खणखणीत आवाजात म्हणाली.

मला तर पक्कं पटलंय, काम खरं तपासायचं ते सगळ्यात जुन्या मशीनवरच. तुम्ही तिथे बसणाऱ्याचा विचार आधी करता, की तक्रार आल्यावर?