टेबलाखालची बाई

फ्रेमा करणाऱ्या दुकानदाराला अख्खी गल्ली 'काटकोन' म्हणते. बत्तीस वर्षांत त्याच्या हातून एकही चौकट वाकडी गेलेली नाही. कुणाच्या घरी तसबीर कलंडलेली दिसली, तर हातातला चहा ठेवून तो आधी ती सरळ करतो. असा हा गृहस्थ कडक इस्त्रीचा शर्ट घालून बायकोसह प्रदर्शनाला गेला. चित्रं चित्रकार बाईंची असली, तरी सव्वीसच्या सव्वीस फ्रेमा त्याच्या होत्या.

बाईंचा ब्रश म्हणजे चिमटाच. कुठे आरशाला सलाम ठोकणारे साहेब, कुठे स्वतःच्या पुतळ्याला मिशा डकवणारे पुढारी. बायको तोंडावर हात धरून खुदुखुदु हसत होती. काटकोन फक्त कोपरे तपासत होता.

नवव्या चित्रापाशी मात्र कुणी हसेना. सात ढेरपोटे पुरुष टेबलावर जेवताहेत, बस्स.

"यात गंमत कसली?" एक चष्मेवाला म्हणाला.

बायको वाकून बघत होती. "अहो, टेबलाला पायच नाहीत. मग उभं कशावर आहे?"

कशावर, ते काटकोनाला ठाऊक होतं. टेबलाखाली हातापायांवर ओणवी झालेली एक बाई होती. पाठीवर सगळा भार, केस मोकळे आणि बघणाऱ्याला जीभ काढून दाखवलेली. चारचौघांत हे बरं दिसत नाही, म्हणून त्याने चित्राभोवतीचा पुठ्ठ्याचा पट्टा खालून चार बोटं जास्त ठेवून तिला झाकलं होतं. वर स्वतःची पाठही थोपटली होती.

तेवढ्यात चित्रकार बाई तिथे आल्या आणि चित्राकडे बघतच राहिल्या.

'पुठ्ठा सरकला असेल', थाप जिभेवर तयार होती. पण बायको त्याच्याकडेच पाहत होती.

"मीच झाकली," तो पुटपुटला.

बाई ओरडल्या असत्या तर सुटला असता. त्यांनी हळूच विचारलं, "आजवर आणखी कितीजणींना झाकलंत, काका?"

त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चित्र उतरवून तो तिथेच जमिनीवर बसला, काच बायकोच्या हातात दिली आणि पुठ्ठा काढून खिशातल्या कटरने कापू लागला. मोजपट्टीशिवाय रेघ सरळ जाईना.

"वाकडं जाऊ दे," बायको म्हणाली. "आधी तिला बाहेर काढा."

वाकडंच गेलं. चित्र पुन्हा भिंतीवर चढलं, तशी मागची गर्दी खदखदून हसली. काटकोनाने वर पाहिलं. जीभ थेट त्यालाच दाखवलेली होती.