दोन पेन्सिलींची खुर्ची

देल्फीना आणि ओत्ताव्यो कोल्नागी हे बहीणभाऊ दोघंही आर्किटेक्ट. युद्ध संपलं तेव्हा मिलानच्या त्यांच्या कचेरीत एकच टेबल उरलं होतं. ते समोरासमोर बसत आणि एकाच कागदावर दोन बाजूंनी काढत. पुढं टेबलं घेण्याची ऐपत आली, पण सवय मोडली नाही. चित्र सुलट कुणाला आणि उलट कुणाला, याचा हिशेब त्यांनी कधी ठेवला नाही.

चोपन्न साली मिलानजवळच्या कान्तू गावी ब्रांबातीच्या फर्निचर कारखान्यात त्यांची खुर्ची प्रदर्शनासाठी घडत होती. ओत्ताव्यो तुरिनला गेला होता. देल्फीना लाकूड पाहायला आली, तर खुर्चीसाठी केलेल्या पाटीवर नाव फक्त भावाचं. मालक ब्रांबातीनं गोड बोलून समजावलं की, गिऱ्हाईक एका नावावर विश्वास टाकतं, दोन नावं म्हणजे दुकान वाटतं. आणि बाईंनी तर भावाचं चित्र नुसतं स्वच्छ उतरवून काढलेलं असणार.

देल्फीना वाद घालणारी नव्हती. भिंतीवर खुर्चीचं खऱ्या मापाचं चित्र टांगलेलं होतं. तिनं खोडरबर मागितला.

"माझं तेवढं पुसते. भावाचं राहू द्या."

पाठ ओत्ताव्योची होती, तिला तिनं हात लावला नाही. बैठक गेली. पुढचे पाय गेले. मागचा पाय बैठकीपासून खाली गेला. एर्मेते सुतार रंधा थांबवून बघत राहिला. आठ वर्षं त्यानं या दोघांची चित्रं लाकडात उतरवली होती. शेवटी हवेत लोंबणारी पाठ उरली.

"मालक," एर्मेते शांतपणे म्हणाला, "आता हिला बसवू कशावर? तुमच्या मांडीवर?"

कामगार हसले. ब्रांबातीचे कान लाल झाले, पण माणूस धंद्याचा होता; प्रदर्शन नऊ दिवसांवर आलं होतं. त्यानं स्वतःच पाटी उतरवली आणि दोन नावांची करायला सांगितली.

मग देल्फीनानं पुसलेलं सगळं आठवणीनं पुन्हा काढलं. तास लागला नाही.

ओत्ताव्यो परतला तो थेट कारखान्यात. हकीकत त्याला गाडीतळावरच कळली होती. चित्रापुढं तो बराच वेळ उभा राहिला.

"देल्फीना, मागचा पाय बोटभर बाहेर गेलाय."

"हो. आधीचाच चुकला होता."

त्यानं अंगठ्यानं माप घेतलं, मान हलवली आणि एर्मेतेला म्हणाला, "हिचंच धर. काप."