बिनचहाचे नाना

नाना कुणाच्या घरचा चहा पीत नसत. आवडत नसे म्हणून नव्हे. घोडेगावच्या स्टँडवर त्यांना लागोपाठ दोन कप रिचवताना मी या डोळ्यांनी पाहिलंय, तेही जास्त साखर मागून. पण ज्या घरची जमीन वाटायला ते बसत, त्या घरचा चहा वाटणी पुरी होईपर्यंत त्यांना वर्ज्य. पाण्याची बाटलीसुद्धा घरून आणत. त्यामुळे आंबेगाव-जुन्नरच्या गावांत त्यांचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. ‘बिनचहाचे नाना आल्यात’ म्हटलं, की कुठल्या तरी घरी वाटप निघालंय हे गावाला कळायचं.

नाना सरकारी मोजणीदार म्हणून निवृत्त झाले होते. त्यांच्या वेळी जमीन साखळीनं मोजत. साखळी गेली, मशीन आलं, तरी नानांची चाल मोजणीदाराचीच राहिली. लग्नाच्या मांडवातसुद्धा ते सारख्या अंतरावर पाऊल टाकत आणि त्यांचे ओठ हलत असत. नवरानवरीच्या खुर्च्यांपासून जेवणाच्या पंगतीपर्यंत किती पावलं झाली, हे विचारलं तर सांगत.

चहाचं कारण मी एकदा विचारलं. म्हणाले, “बाई, एकाकडं कपभर प्यालो, की दुसऱ्याला माझी साखळी वाकडी दिसाय लागती.” मढच्या एका घरी दोन जावांनी म्हणे त्यांना चहा पाजायची पैजच लावली होती. थोरलीनं घरात गाठलं, जमलं नाही. धाकटीनं थर्मास भरून थेट एसटीच्या फाट्यावर पाठवला. नानांनी थर्मास घेतला, गाडीत चढले आणि सगळा चहा कंडक्टर-ड्रायव्हरला पाजून रिकामा थर्मास दुसऱ्या दिवशी परत केला.

त्यांचा दुसरा हट्ट कागदाचा. भाऊभाऊ बांध घालून मोकळे होतात आणि सातबारा तसाच सामाईक राहतो, याचा त्यांना भारी राग. “तोंडी वाटणी म्हंजे पाण्यावरची रेघ. बापाच्या पिढीला दिसती, पोरांच्या पिढीला नाय दिसत,” असं म्हणत. आधी सगळ्यांच्या संमतीनं कच्चा नकाशा, मग तहसीलला अर्ज, मग सरकारी मोजणी, आणि शेवटी प्रत्येकाच्या नावाचा निराळा उतारा. यातली एकही पायरी ते गाळू देत नसत.

आमच्या घरी ते आले ते आमचे वडील, बापू, गेल्यानंतर दोन वर्षांनी. आमचे आजोबा मेंढरं घेऊन फिरणारे. बापूंनी मेंढरं विकून डिंगोऱ्याला जमीन केली आणि विहीर पाडली. आम्ही तिघं भावंडं: दादा थोरला, मग मी, मग सोपान. मी ओतूरला शाळेत शिकवत होते. सोपानला त्याच्या वाट्यावर ठिबक करायचं होतं आणि सामाईक उताऱ्यावर कर्ज मिळेना, म्हणून वाटप निघालं. माझा प्रश्नच नव्हता. मी हक्कसोडपत्रावर सही करणार, हे घरात सगळ्यांनी धरलेलं होतं. खरं सांगायचं तर मीही धरलेलं होतं. बहिणीनं वाटा घेतला की माहेर तुटतं, हे ऐकतच आम्ही वाढलो. बापू नव्हते, आई नव्हती. दादाचं घर एवढंच माझं माहेर, आणि ते मला कुठल्याही जमिनीपेक्षा मोलाचं होतं.

नानांनी ओट्यावर बसून उतारा वाचला आणि चष्म्यावरून पाहिलं. “कागदावर तीन नावं हायती. हितं दोनच माणसं. तिसरं कुठंय?”

“ती बहीण. ती सोडून देणार हाय,” दादा म्हणाला.

“आसं ती म्हणली, का तुमी म्हणला?”

दादानं मला निरोप धाडला. मी गेले, आणि सही करायला पेन हातात घेतलं. नानांनी एवढंच विचारलं, “बाई, तुमाला खरंच नको हाय, का मागायची भीड वाटती?” माझ्या तोंडून ‘नको’ निघेना. बापूंबरोबर त्या रानात मी दगड वेचले होते. पेन खाली ठेवलं.

मग नानांचा नेहमीचा नियम आला: वाटे पाडील त्यानं शेवटी उचलायचं. म्हणजे पाडणारा आपोआप सारखे पाडतो. रान कसणारा दादा, म्हणून वाटे त्यानं पाडायचे. आधी मी उचलायचा, मग सोपाननं, उरेल तो दादाचा. दादानं तीन तुकडे केले. एक विहिरीकडचा काळा, एक मधला, आणि एक वरचा निव्वळ खडकाळ माळ. माळ सगळ्यात मोठाही नव्हता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं बांधाकडे पाहिलं. बहिणीला तो पुरता ओळखून होता.

“मला माळ चालेल,” मी म्हणाले.

नानांनी नकाशाचा कागद घडी करून खिशात घातला. “बाई, शाळंत पोरानं शेजारच्याचं मन राखायला चुकीचं उत्तर लिवलं, तर मार्क देता का? ही वाटणी नाय, ही ओवाळणी झाली. ओवाळणीचा नकाशा मी काढत नाय. आज भिडंपायी घेतलेला माळ उद्या तुमची पोरं भांडणात काढतील. खरं सांगा, कुठला पायजे?”

शेवटी मी बोट केलं. विहिरीकडचा.

दादाचा चेहरा पडला. नाना त्याच्यापाशी जाऊन अगदी मऊ आवाजात म्हणाले, “भाऊ, वाईट वाटून घेऊ नका. आता परत पाडा. या खेपेला बहीण भिडस्त न्हाई आसं समजून पाडा.”

दादा रागानंच उठला, पण पाडले मात्र असे, की नानासुद्धा बघत राहिले. विहिरीपासून माळापर्यंत तीन उभे पट्टे; प्रत्येकाला थोडं काळं, थोडं मुरमाड, थोडा खडक. विहीर सामाईक, पाण्याच्या पाळ्या ठरल्या. बिबट्यामुळे रात्रीची पाळी कुणालाच नको होती, म्हणून ती आठवड्याला फिरती ठेवली. मी पूर्वेचा पट्टा उचलला.

अर्ज गेला. पण दादा माझ्याशी बोलायचा थांबला. त्या वर्षी नागपंचमीला माहेरचं बोलावणं आलं नाही. मी शाळेतून आले आणि फोन समोर ठेवून अंधार पडेपर्यंत बसून राहिले. जमीन मिळाली, माहेर गेलं, असं मनानं पक्कं घेतलं. नानांवर त्या दिवशी मी फार चिडले होते.

दिवाळीच्या आधी तिघांचे निराळे उतारे निघाले. नाना स्वतः एसटीनं डिंगोऱ्याला आले आणि मलाही बोलावलं. उतारे हातात देऊन दादाच्या ओट्यावर बसले. वहिनी म्हणाली, “नाना, आता तरी चहा?”

“आता घेणार की. पण बाईंनी केलेला. आन् ह्याच चुलीवरचा.”

मी उंबऱ्यावरच थबकले. कितीतरी महिन्यांत त्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. वहिनीनं साखरेचा डबा पुढे केला. दूध उतू जाऊ नये म्हणून मी जाळ बारीक केला, तर मागून दादाचा आवाज आला, “शांते, गवती चहा टाक गं. बापू टाकायचे तसा.” मला रडू फुटलं, आणि ते लपवायचं कारणही नव्हतं. नानांनी कप हातात घेतला, एक घोट घेतला आणि म्हणाले, “साखर कमी हाय.” त्या भाऊबीजेला दादा स्वतः मला न्यायला आला.

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. मीही आता निवृत्त आहे. आमच्या वाटपाची गोष्ट ऐकून लोक मला त्यांच्या वाटपाला बोलावतात. परवा ओतूरशेजारच्या एका घरी गेले होते. उताऱ्यावर चार नावं होती आणि ओट्यावर तीन भाऊ. मी चौथं नाव विचारलं, तेव्हा बहीण आतल्या दारातून बाहेर आली. बाजूला घेऊन तिनं हळूच विचारलं, “बाई, माहेर तुटंल का वो?”

“माझं तुटलं नाही,” मी म्हणाले, “दादाकडं गेले की चहा अजून मीच करते.”

तेवढ्यात तिची भावजय ट्रे घेऊन आली. मी पिशवीतली पाण्याची बाटली काढली.

“आज नको, वहिनी. चौघांचे उतारे निघाले की येईन. तेव्हा साखर जरा जास्त टाका.”