फोटोसाठी पुन्हा एकदा

"पुन्हा एकदा, बाई. फोटोसाठी," नट हिब्रूत म्हणाला आणि हॉल हसला.

बाई म्हणजे माझी आई. सत्तरच्या दशकाची अखेर. इस्रायलमधल्या बेर्शेबात चित्रकथांच्या एका मासिकाने वाचकांचा मेळावा भरवला होता. मुलंमुली आवडत्या नायकांच्या वेशात आली होती. चित्रकथेतल्या मुखवटेवाल्या पहारेकऱ्याचं काम नाटकात करणारा नट पाहुणा होता. मी सतरा वर्षांची. माझाही वेश पहारेकऱ्याचाच. कारखान्यातून सुटल्यावर आईने चार संध्याकाळी बसून तो शिवला. काळा झगा मुंबईहून आणलेल्या छत्र्यांच्या कापडाचा. इथे वाळवंटात छत्री कुठे लागते, म्हणाली.

रांगेत आमची पाळी आली. नटाने हात पुढे केला. आईने तो दोन्ही तळव्यांत धरला, सोडला आणि आपली बोटं ओठांशी नेली. आम्हा मराठी ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना संपली की हाच नमस्कार एकाकडून दुसऱ्याकडे जातो. कोकणात जायचा, मुंबईत जायचा. मोठ्या पाहुण्याला याहून कमी देऊ नये, असं तिला वाटलं.

नटाने हात नाकाशी नेला. हुंगला. "मसाला," तो माइकवर म्हणाला. मग फोटोग्राफरला बोलावून आईला पुन्हा करायला सांगितलं.

आईचं हिब्रू कारखान्यापुरतं, दवाखान्यापुरतं. हसणं तिला कौतुक वाटलं. तिने पुन्हा केलं.

मी शेजारी उभी. मुखवट्याची भोकं लहान. आईचे हात आणि त्याची अंगठी, एवढंच दिसत होतं. सगळ्यांबरोबर मीही हसले. हे नोंदवणं भाग आहे.

फोटोग्राफर म्हणाला, फ्लॅश पेटला नाही. नटाने तिसऱ्यांदा हात पुढे केला, या वेळी कमरेखाली. आई वाकू लागली.

मी मुखवटा काढला. इथे मराठी बोलू नकोस, असं येताना बसमध्ये मीच तिला बजावलं होतं.

"आई, हात खाली घे."

"अगो, पाहुणा आहे तो."

"आपला नाही."

तिचा दंड धरून मी तिला रांगेबाहेर आणलं. पहारेकरी पळाला, कुणीतरी मागून म्हणालं.

बसमध्ये आई खिडकीबाहेर बघत होती. "चार माणसांत मला ओढलंस. हेच शिकवलं काय तुला?"

उत्तर द्यायचं तर लोक कशाला हसले ते सांगावं लागलं असतं. ते आजवर सांगितलेलं नाही. मी उद्धट आहे, असंच ती मानते.

फ्लॅश पेटला होता. फोटो छापून आला. खाली नटाचं नाव, आणि 'एक भारतीय चाहती'.

आता मी एका वर्तमानपत्रात फोटोंखालच्या ओळी लिहिते. ज्या माणसाला नाव विचारलेलं नाही, त्याचा फोटो माझ्या टेबलावरून पुढे जात नाही. संपादक म्हणतात, पान अडतं.

अडू दे.