पुढचे जादा पाटे

आमची जीप वळणावर वळायचीच नाही. स्टिअरिंग कितीही फिरवा, नाक सरळ बांधाकडेच. धुळ्याचे मिस्त्री नाना म्हणाले, "दोष गाडीना नही अक्का, तुमना हातना शे." बाईनं जीप चालवणं तेव्हा कोणाला पचतच नव्हतं.

केळी भरायची म्हणून नानांनीच मागच्यासारखे पुढच्या स्प्रिंगलाही जादा पाटे घातले होते. पुढची बाजू दगडासारखी ताठ झाली होती, त्यामुळे वळणावर पुढची चाकं रस्ता न धरता सरळ घसरायची.

"पुढचे जादा पाटे काढा," मी म्हणाले.

"गाडी बशी जाई!"

"बसू दे. माझी आहे."

तोंड वाकडं करून त्यांनी पाटे काढले. मी त्यांना शेजारी बसवलं आणि पारोळ्याच्या रस्त्यावर जिथे जीप नेहमी बांधाकडे जायची, तेच वळण त्याच वेगात घेतलं. जीप निमूट वळली.

"नाना," मी म्हणाले, "हात तोच शे."