कुतुबमिनारचे वरचे मजले

दिवाळीच्या सुट्टीत दिल्लीला येऊ नका, असं मी दोघींना फोनवर घसा फोडून सांगितलं होतं. त्या दिवसांत इथं आभाळ नसतंच, नुसता धूर असतो. फेब्रुवारीत या, छान ऊन असतं, बागा फुललेल्या असतात. पण एक मैत्रीण जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवणारी. तिला मोठी सुट्टी दिवाळीतच. "आणि फेब्रुवारीचं कोणी सांगितलंय बाई?" असं ती म्हणाली, तेव्हा मी म्हटलं, या मग.

तिच्या डोळ्यांचा पडदा खराब होत चालला होता. हे थांबणार नाही, जे बघायचंय ते बघून घ्या, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. इतकी वर्षं ती फळ्यावर खडूनं कुतुबमिनार काढून पोरांना शिकवत आली, आणि खरा एकदाही पाहिलेला नव्हता. तो पाहायचा होता. बाकी दिल्ली राहिली तरी चालेल, म्हणाली.

दुसरी मैत्रीण सहकारी बँकेतली. आम्ही तिघी एका हॉस्टेलच्या खोलीत वाढलेल्या, तेव्हापासून सगळं ठरवायचं कंत्राट हिच्याकडे. माझं घर दिल्लीबाहेर गुरुग्रामला, एका उंच टॉवरमध्ये. तिथं उतरा म्हटलं, तर "तुझ्या त्या टॉवरमधून यायला-जायलाच दिवस जाईल" म्हणून हिनं ओळखीनं कोपर्निकस मार्गावरच्या सरकारी अतिथिगृहात स्वस्तातली खोली मिळवली आणि मलाही तिथंच राहायला बोलावलं. टॅक्सी करायची नाही, मेट्रो आणि पाय. दुपारी खायला घरचा चिवडा आणि चकल्या. मी "अच्छा, चलो यार, कॅब करते मैं" म्हटलं की दोघी हसायच्या. माझं मराठी पार हिंदाळलंय म्हणे.

पहिल्या दिवशी लाल किल्ला आणि इंडिया गेट. प्रत्येक ठिकाणाला बँकवाली 'पॉइंट' म्हणायची. पॉइंट आला की मास्तरीणबाईला पुढं उभं करायचं, पदर सारखा करायचा, "इकडे बघ, हास" म्हणायचं, फोटो काढायचा आणि चला पुढच्या पॉइंटला. आपली माणसं कुठंही गेली तरी हेच करतात. घरी जाऊन निवांत बघू, असं म्हणत सगळी सहल पार पडते. संध्याकाळी खोलीत मी फोनमधले फोटो चाळत होते आणि माझं डोकंच फिरलं. एकूण एक फोटोत ही बाई लाल किल्ल्याकडे पाठ करून उभी. जिला बघायला आणलं, तिला आम्ही दिवसभर मोबाइलकडे बघायला लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी जवळच्या मंडी हाऊस स्टेशनहून मेट्रोनं निघालो. बाहेर धूर इतका की डोळे चुरचुरत होते, घशात जळकट चव. पायऱ्यांवर मास्तरीणबाई माझा दंड घट्ट धरून होती. गुडघे दुखतात, म्हणाली. कुतुबमिनारच्या आवारात शिरताच बँकवालीनं मोबाइल काढला.

"ठेव तो आत!" मी ओरडलेच. "एक फोटो काढायचा नाही. तिला बघू दे आधी. कमाल करता तुम्ही!"

शेजारचं एक कुटुंब वळून बघायला लागलं. बघू देत. मी तिच्या खांद्यांना धरलं आणि तिला मिनारसमोर उभं केलं. अगदी जवळ होतो आम्ही. तिनं मान वर केली, तोंडावरचा मास्क खाली ओढला.

"केवढा उंच गं," ती म्हणाली. मग वर्गात शिकवावं तशा आवाजात, "खालचे तीन मजले लाल दगडाचे. आणि वरचे दोन बघ, संगमरवर कसा उठून दिसतोय."

मी वर पाहिलं. दुसऱ्या सज्ज्याच्या वर काही नव्हतंच. धुरात मिनार मध्येच संपला होता, वरचे मजले आमच्यापैकी कुणालाही दिसणं शक्य नव्हतं. बँकवालीनं माझ्याकडे बघून डोळ्यांनीच दटावलं आणि म्हणाली, "हो ना, काय सुंदर दिसतंय!"

पण माझ्या जिभेला हाड कधी होतं? "अगं कुठलं काय," मी बोलून गेले, "धूर आहे सगळा. वर काहीच दिसत नाहीये."

तिनं मान खाली केली. मग म्हणाली, "इतका आहे? कालपासून मला हेच कळत नव्हतं. धूर किती आणि माझे डोळे किती. विचारायची भीती वाटत होती."

बँकवाली रडायला लागली. उगाच पर्समध्ये रुमाल शोधत बसली. मास्तरीणबाई मात्र शांत होती. तिनं माझा हात चाचपून धरला.

"ही काही खरं सांगायची नाही. तू पहिल्यापासून फटकळ, म्हणून तुला विचारते. खालचा मजला. तो दिसतोय का तुला?"

खालचा मजला आमच्या पुढ्यात होता. लालभडक. 'नाही गं, मलाही नाही,' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. देवाशपथ सांगते, आयुष्यात खोटं बोलावंसं इतकं कधी वाटलं नव्हतं. पण ती मला विचारत होती, आणि मीही तिला फसवलं तर मग तिनं विचारायचं कुणाला?

"दिसतोय," मी म्हटलं. "त्याच्यावर कोरलेली अक्षरंसुद्धा दिसतायत."

"अच्छा," ती म्हणाली. माझाच शब्द. मग माझा हात सोडला, चपलेनं जमीन चाचपत दोन पावलं पुढं गेली आणि सावकाश वळून मिनारकडे पाठ करून उभी राहिली. पदर सारखा केला.

"काढ फोटो," म्हणाली, आणि माझा आवाज जिथून आला होता तिकडे बघून हसली.