बेटावरचं लग्न आणि त्रेचाळीस आधार कार्डं

नोकरीतली काही प्रकरणं निवृत्तीनंतरही माणसाचा पिच्छा सोडत नाहीत. खून, दरोडे मी बरेच पाहिले, पण रिकामा बसलो की डोक्यात येतं ते एका कापडी पिशवीचं प्रकरण. त्यात रक्त सांडलं नाही, कोणी तुरुंगात गेलं नाही. चुकलो मात्र मी.

पुसद भागातल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. एका सोमवारी हजेरी आटोपून मी बसलोच होतो, तोच एक सद्गृहस्थ लेखी तक्रार घेऊन आले. जन्म जवळच्या बंजारा तांड्यातला, पण आता पुसदला मोठं कृषी केंद्र, बंगला, गाडी. एकुलती एक मुलगी पुण्याला नोकरीला. तिचं लग्न त्यांनी अंदमानला, समुद्रकिनाऱ्यावर ठरवलं होतं. वाळूवर पांढरा मांडव, सूर्यास्ताचा मुहूर्त, पाहुण्यांनी अनवाणी यायचं. तांड्यातली निवडक त्रेचाळीस माणसं नागपूरहून विमानानं जाणार होती. तांड्यातलं कोणी तोवर विमानात बसलं नव्हतं.

हे सगळं जमवायचं काम यवतमाळच्या एका मुलीकडे होतं. वय सव्वीस-सत्तावीस. वडील एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. तिचं हे पहिलंच मोठं काम. तांड्यात तिला सगळे ‘इव्हेंटवाली’ म्हणत. तिनं देवळाच्या भिंतीवर प्रोजेक्टर लावून सगळ्यांना समुद्र दाखवला होता. तेव्हा एक म्हातारा म्हणाला होता म्हणे, “आपल्या बापजाद्यायनं समुद्रावरून मीठ वाहून आणलं. आता आपण नुसतं पाहाले चाललो!”

तिकिटांसाठी तिनं आधार कार्डाची झेरॉक्स मागितली होती. तांड्यात झेरॉक्स कुठली? लोकांनी मूळ कार्डंच तिच्या हातात दिली आणि सांगितलं, “तूच काढून आण.” तिनंही ती घेतली. पुसदहून झेरॉक्स काढून, घरवार रबर लावून, मूळ कार्डांची पिशवी तिनं संध्याकाळी नवरीच्या आत्याच्या घरात खुंटीला अडकवली. दुसऱ्या दिवशी वाटायची होती. सकाळी खुंटी रिकामी.

विमान अकरा दिवसांवर होतं आणि विमानतळावर झेरॉक्स चालत नाही, मूळ कार्डच लागतं. निम्म्या लोकांचे मोबाईल नंबर कार्डाला जोडलेले नव्हते, त्यामुळे नवीन प्रती लगेच निघणार नव्हत्या. आत्या त्या संध्याकाळी शेतात होती. घरात एकटी नवरी होती, लग्नासाठी पुण्याहून आलेली. ती म्हणाली, “मी पिशवी पाहिली नाही.” मग पिशवी शेवटची कोणाच्या हातात होती? इव्हेंटवालीच्या.

दुपारीच माझ्या खबऱ्यानं टीप दिली. ती पोरगी शनिवारी पुसदला सिमकार्ड विकणाऱ्या एका दुकानात तासभर बसली होती. माझ्या डोक्यात चित्र पूर्ण झालं. दुसऱ्यांच्या आधारवर सिम काढून विकणारी टोळी आम्ही वर्षभरापूर्वीच पकडली होती. ही त्यातलीच, असं मी धरून चाललो.

गुन्हा दाखल करण्याआधी चौकशी करायची म्हणून मी महिला पोलीस शिपाई बरोबर घेऊन तांड्यात गेलो. इव्हेंटवाली बिचारी स्वतःच घरोघर पिशवी शोधत फिरत होती. सगळ्या बायाबापड्यांच्या देखत मी तिला जीपमध्ये बसवलं. मागून कोणीतरी ओरडलं, “आमचे कार्डं विकून खाल्ले वं हिनं!” तिनं मान खाली घातली. मला वाटलं, चोर मान खालीच घालतो.

दोन दिवस तिला ठाण्यात बसवायचं आणि दिवस मावळायच्या आत सोडायचं असं चाललं. तिचे वडील ठाण्याबाहेर कडुनिंबाखाली बसून राहत. आमच्या हवालदाराला ‘जयभीम’ घालून पाणी मागत आणि डबा आत पाठवत. ते मला एकदाही भेटायला आले नाहीत.

चौकशीची माझी एक पद्धत होती. एकच हकीकत तीनदा विचारायची, दर वेळी वेगळ्या टोकापासून. खोटं बोलणारा पाठ केल्यासारखं तेच सांगतो. खरं बोलणाऱ्याला दर वेळी काहीतरी नवीन आठवतं. तिला पहिल्यांदा खुंटी आठवली. दुसऱ्यांदा खुंटीवरची छत्री आठवली. तिसऱ्यांदा ती म्हणाली, “छत्री काढून खाली ठेवली मी, साहेब. पिशवी जड होती, मले वाटलं खुंटी निघते का काय.”

“सिमवाल्याकडं तासभर कशाला बसलीस?”

“त्याच्याचकडं झेरॉक्स मशीन आहे नं. लाईन गेलती. कार्डं सोडून जाऊ कशी? लोकायचे होते नं साहेब ते.”

तीस वर्षांचा अनुभव मला सांगत होता की पोरगी खरं बोलते आहे. पण मी खबऱ्याच्या टीपेला चिकटून बसलो. आपण एवढ्या लोकांसमोर हिला उचलून आणलं, आता ती निर्दोष कशी निघेल, असा एक हेका मनात होताच. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

बुधवारी सकाळी, ज्यांची कार्डं गेली त्यांचे जबाब घ्यायला मी पुन्हा तांड्यात गेलो. लोकांनी गराडा घातला. रेशन कसं मिळेल, बँकेत काय दाखवायचं, विमानाचं काय, असे शंभर प्रश्न. त्यांच्यातून वाट काढत मी आत्याच्या ओट्यावर टेकलो. ही आत्या म्हणजे नवरीच्या वडिलांची थोरली विधवा बहीण. मुलीची आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे पोरीला हिनंच वाढवलं. मुलगी तिला ‘याडी’ म्हणजे आईच म्हणायची.

आतून गाण्याचा आवाज येत होता. म्हातारी एक ओळ रडक्या लांब सुरात म्हणे, मग कोवळा आवाज तीच ओळ उचले आणि मध्येच मोडे. माझ्याबरोबरची शिपाई बंजारा घरातलीच होती. ती कान देऊन म्हणाली, “साहेब, ढावलो शिकवून राह्यली.”

ढावलो म्हणजे सासरी निघालेल्या मुलीचं रडगाणं. नवरी एकेकाच्या गळ्यात पडते आणि ज्याचं तिच्यावर जे ऋण असेल ते गाऊन रडते. ते आधी शिकावं लागतं, आणि साथ द्यायला तांड्यातल्या बाया लागतात.

मी उगाच फाईल चाळत होतो. इव्हेंटवालीकडून घेतलेल्या फाईलमध्ये लग्नाच्या कार्यक्रमाचा कागद होता. त्यावर लिहिलं होतं: ‘विदाई, पाच मिनिटं, डीजे’. पाहुण्यांच्या यादीत गाणाऱ्या बायांपैकी एकट्या आत्याचं नाव होतं, आणि त्यावरही काट मारून ‘येत नाही म्हणतात’ असा शेरा होता. मी आतला आवाज ऐकत तो कागद पुन्हा वाचला. तिकडे डीजे वाजणार, आत्या येणार नाही, मग ही मुलगी जीव तोडून ढावलो कशासाठी शिकते आहे?

मी नवरीला बाहेर बोलावलं. डोळे सुजलेले.

“बेटा, हे तू कुठं म्हणणार? अंदमानला तर गाणाऱ्या बायाच नाहीत.”

ती आत गेली. गोधड्यांच्या थप्पीखालून तिनं पिशवी ओढून काढली आणि माझ्यासमोर ठेवली. कार्डं जशीच्या तशी होती, घरवार, रबर लावलेली.

“तारीख निघून गेली की वापस ठेवणार होती मी,” ती म्हणाली. “लग्न मंग इथंच झालं असतं. याडी म्हणे, मी एकटी कशी गाऊ, मी नाही येत. तिच्याबिगर मी जाऊ कशी?”

“आणि ती पोरगी दोन दिवस ठाण्यात बसली आहे, त्याचं काय?”

“तिले पकडसान असं वाटलंच नाही मले. मंग बोलाची हिंमतच झाली नाही.”

दारात उभ्या आत्याला यातलं काही माहीत नव्हतं. ती म्हणाली, “माह्यासाठी दुसऱ्याच्या लेकीले ठाण्यात बसवलं तू? हेच शिकवलं काय मी तुले?” मग तिथंच जमिनीवर बसली आणि रडायला लागली.

नवरीचे वडील आले. मला वाटलं, आता आकांडतांडव होणार. ते पिशवीकडे बघत ओट्यावर बसले. शहरात लहानपणी वर्गात ‘तांड्यावरचा’ म्हणून हसं झालेला माणूस तो. लेकीचं लग्न असं करीन की पुसद बघत राहील, हे त्यांच्या मनात किती वर्षांपासून होतं कोण जाणे. मग म्हणाले, “एक डाव मले सांगाचं तं होतं, बेटा.”

“तुम्ही विचारलंच नाही, बापू. डायरेक्ट भिंतीवर दाखवलं.”

वडिलांनी तक्रार मागे घेतली. मी ठाण्यात परतलो, स्टेशन डायरीत नोंद करायला लावली आणि इव्हेंटवालीला सांगितलं, “पिशवी सापडली. तुझा काही दोष नाही. तू मोकळी.”

ती बाकावरून उठली नाही.

“साहेब, तांड्यातल्या लोकायसमोर मले गाडीत बसवलं. मोकळं बी तिथंच करा.”

मला राग आला. ठाणेदार होतो मी. सोडलं हे काय कमी झालं? मी खिडकीकडे तोंड केलं, तर बाहेर कडुनिंबाखाली तिचे वडील रिकामा डबा मांडीवर घेऊन बसलेले दिसले. माझा राग तिथंच विरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांड्याच्या नाईकानं, म्हणजे तिथल्या प्रमुखानं, बैठक बोलावली. तिथली रीत अशी की चुकलेल्यानं उभं राहून, हात जोडून, आपल्या तोंडानं चूक सांगायची. नवरी उभी राहिली. तिचे वडील उभे राहिले. मग नाईकानं माझ्याकडे पाहिलं. मी वर्दीत होतो. उभा राहिलो आणि म्हणालो, “ही मुलगी खरं बोलत होती. मला ते कळतही होतं. तरी मी तिला दोन दिवस ठाण्यात बसवलं. मी चुकलो.”

नाईकानं तिला विचारलं, “झालं का तुह्यं समाधान?”

तिनं डोळे पुसले आणि फाईल उघडली. “झालं. आता मांडव कुठं टाकाचा ते सांगा. दिवस कमी आहेत.”

लग्न तांड्यातच झालं. मी साध्या कपड्यांत मागे उभा होतो. नवरी एकेकाच्या गळ्यात पडत, गात पुढे आली. आत्यापाशी आली तेव्हा दोघींचाही सूर फुटेना, बायांनीच ओळ सांभाळली. इव्हेंटवालीपाशी आल्यावर ती गायलीच नाही, नुसती रडली. इव्हेंटवालीच्या हातात जेवणावळीची यादी होती, ती पार चुरगळून गेली.

या प्रकरणानं मला दोन गोष्टी शिकवल्या. ठाण्यात येणाऱ्या कितीतरी भानगडींचं मूळ एवढंच असतं की घरात कोणालातरी ‘नाही’ म्हणता आलेलं नसतं. दुसरी गोष्ट मला उशिरा कळली. चोर सापडला की तपास संपला, असं मी सगळी नोकरी मानत आलो. ज्याच्यावर खोटा आळ आला, त्याला जितक्या लोकांसमोर नेलं तितक्याच लोकांसमोर परत आणून सोडेपर्यंत तपास संपत नाही.

त्या मुलीनं मागितलं म्हणून तिला ते मिळालं. तिच्याआधी किती जणांना मी नुसतं “जा आता” म्हणून ठाण्याच्या फाटकातून बाहेर सोडलं असेल! ते गावात कोणत्या तोंडानं गेले असतील, याचा मी कधी विचार केला नाही. आता त्यांतले काही चेहरे आठवतात. गाठून माफी मागावी म्हटलं, तर नावं आठवत नाहीत.